मार्कोनी, एक टेकडी आणि तोरण्याच्या पायथ्याचं वायफाय

भोर-वेल्ह्याकडच्या कुणालाही विचारा, मोबाईलला रेंज नेमकी कुठे येते हे तो तुम्हाला अंगणातल्या दगडासकट सांगेल. आमच्या मामाकडे, तोरण्याच्या पायथ्याला, ती जागा गोठ्याच्या कोपऱ्यावर होती. मामेबहिणीने अकरावीच्या प्रवेशाचा फॉर्म तिथेच उभं राहून भरला, एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात छत्री. पुढे गावात फायबर आलं, मामाने कनेक्शन घेतलं, आणि आठवड्याच्या आत मला फोन आला. पैसे भरलेत, डबा बसवलाय, दिवे लागतात, पण माजघरात नेट येत नाही. वरचा, महागातला प्लॅन घेऊ का, असं तो विचारत होता.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. त्यामुळे नातेवाइकांच्या घरातला प्रत्येक लुकलुकणारा दिवा माझ्याच खात्यावर जमा होतो. मामाला थांब म्हटलं, रविवारी येतो. जाताना डोक्यात एकच माणूस होता, गुल्येल्मो मार्कोनी. कारण सुमारे १३० वर्षांपूर्वी त्याच्यासमोरही अशीच एक टेकडी उभी होती. आज त्याचीच गोष्ट सांगतो, आणि जाता जाता मामाच्या घरातला राउटरही नीट लावू.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ चा, इटलीतल्या बोलोन्या शहरातला. वडील जमीनदार. आई ॲनी जेमसन आयर्लंडची, प्रसिद्ध व्हिस्कीवाल्या जेमसन घराण्यातली. पोरगं शाळेत काही चमकलं नाही, विद्यापीठात प्रवेशही मिळाला नाही. (हे वाचून लगेच खूश होऊ नका. घरी खासगी शिक्षक ठेवण्याइतका पैसा होता, आणि बोलोन्याचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ऑगस्तो रिगी यांच्याशी घरच्यांची ओळख होती. आपल्याकडे अशी सोय किती जणांची असते?)

१८९४ च्या सुरुवातीला हाइनरिश हर्ट्झ हा जर्मन शास्त्रज्ञ वारला. विजेच्या ठिणगीतून अदृश्य लहरी निघतात आणि त्या तारेशिवाय खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचतात, हे त्याने काही वर्षांपूर्वी सिद्ध केलं होतं. तुमच्या राउटरवर जे गिगाहर्ट्झ लिहिलेलं असतं, ते याच्याच नावाचं. त्या उन्हाळ्यात वीस वर्षांच्या मार्कोनीने हर्ट्झवरचा लेख वाचला आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला. या लहरींवरून निरोप का पाठवू नये?

पोन्तेक्कियो गावातल्या घराच्या माळ्यावर त्याने काम सुरू केलं. एका बाजूला ठिणगी पाडणारं यंत्र, दुसऱ्या बाजूला काचेची नळी आणि तिच्यात धातूचा कीस. लहर आली की कीस एकमेकांना चिकटतो, वीज वाहते, घंटा वाजते. मग नळीला टिचकी मारून कीस पुन्हा सुटा करायचा. यातलं त्याचं स्वतःचं जवळजवळ काहीच नव्हतं. ठिणगी हर्ट्झची, किसाची नळी फ्रान्सच्या ब्रानलीची आणि इंग्लंडच्या लॉजची. मार्कोनीचं डोकं चाललं ते पुढच्या वर्षी, १८९५ मध्ये, घराबाहेर. त्याने यंत्राचं एक टोक खांबावर उंच चढवलं आणि दुसरं जमिनीत गाडलं. अंतर एकदम वाढलं. उंची वाढव, अंतर वाढतं. ठिणगी तीच, वीज तीच, फक्त अँटेना वर गेली.

मग टेकडी आली. घरासमोर चेलेस्तिनी नावाची टेकडी आहे. उघड्या शेतात निरोप पोचला की थोरला भाऊ अल्फोन्सो रुमाल हलवून खूण करायचा. पण टेकडीच्या पलीकडे रुमाल दिसणार कसा? म्हणून भाऊ रिसीव्हर आणि बंदूक घेऊन टेकडीपल्याड गेला. मार्कोनीने इकडून कळ दाबली, आणि पलीकडून बार झाला. आपल्याला ही पद्धत नवी नाही. महाराज विशाळगडावर पोचले की तोफांचे बार होतील, तोवर खिंड सोडायची नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतोय. सिंहगड घेतल्याची खूण म्हणून गडावर आग पेटवली आणि ती राजगडावरून दिसली, असंही सांगतात. निरोप मिळाला याची पोच येणं महत्त्वाचं. तुमचा फोन आणि राउटर आजही डेटाच्या प्रत्येक तुकड्यामागे अशी पोच एकमेकांना देत असतात, फक्त बंदुकीशिवाय.

पण इथे एक फरक समजून घ्या, नाहीतर मामासारखी फसगत होईल. मार्कोनीच्या लहरी लांब होत्या. लांब लहर अडथळ्याला वळसा घालते. भाटघरच्या पाण्यात मोठी लाट खडकाला वळसा घालून पुढे जाते, पण बारीक तरंग खडकामागे उमटत नाही, तसंच हे. वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम साडेबारा सेंटीमीटर लांब, आणि ५ गिगाहर्ट्झची तर पाच-सहा सेंटीमीटर. ती टेकडी सोडाच, लोखंडी कपाटालाही वळसा घालत नाही.

मामाच्या घरी पोचलो तर राउटर नेमका कपाटामागे, जमिनीपासून वीतभर वर. तार दारातून आत आली म्हणून बसवणाऱ्याने दारालगतच ठोकून दिला होता. आणि घर जुनं, दगडमातीच्या दोन-दोन फुटी भिंती. आधी मी एक साधी तपासणी केली, तीच तुम्हीही करा. राउटरपासून दोन हातांवर उभं राहून स्पीड टेस्ट घ्या, मग आतल्या खोलीत जाऊन घ्या. जवळही स्पीड कमी असेल तर दुखणं लाईनमध्ये किंवा प्लॅनमध्ये आहे. जवळ भरपूर आणि आत मरतुकडा असेल, तर महागाच्या प्लॅनने काडीचाही फरक पडणार नाही. मामाचं दुखणं दुसऱ्या प्रकारचं होतं.

लंडन आणि समुद्र

१८९६ च्या फेब्रुवारीत मार्कोनी आईबरोबर लंडनला गेला. तिथे आईचे नातेवाईक होते, पैसेवाले होते, आणि जगातलं सगळ्यात मोठं आरमारही. जूनमध्ये पेटंटचा अर्ज. ब्रिटिश पोस्टाचे मुख्य इंजिनीअर विल्यम प्रीस यांनी त्याला हाताशी धरलं. मे १८९७ मध्ये ब्रिस्टलच्या खाडीवरून सुमारे सहा किलोमीटर निरोप गेला, जुलैत त्याची स्वतःची कंपनी झाली. वय वर्षे २३. आजच्या भाषेत स्टार्टअप, आणि तेही फंडिंगसकट.

मग अटलांटिक. पोल्ढू या इंग्लंडच्या टोकावरच्या गावात त्याने खांबांचं मोठं रिंगण उभारलं, ते सप्टेंबर १९०१ च्या वादळात कोसळलं. घाईघाईत दुसरी अँटेना उभी केली आणि मार्कोनी न्यूफाउंडलंडला गेला. तिथे खांब नव्हता म्हणून पतंगाला तार बांधून ती आकाशात सोडली. १२ डिसेंबर १९०१ ला कानाला फोन लावून बसलेल्या मार्कोनीला तीन ठिपके, म्हणजे मोर्समधला एस, ऐकू आला असं त्याने जाहीर केलं. अंतर साधारण ३,५०० किलोमीटर. पुरावा? तो आणि त्याचा एक सहायक, बस. दिवसाउजेडी त्या लहरी तिथवर पोचल्या असतील का, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. माझं मत विचाराल तर मी साशंक आहे. पण पुढच्याच वर्षी जहाजावर कागदी पट्टीवर छापून येणारे निरोप त्याने साक्षीदारांसमोर घेतले, आणि रात्री सिग्नल दिवसापेक्षा कितीतरी लांब जातो हेही तेव्हाच कळलं.

आता तो प्रश्न, जो व्हॉट्सॲपवर दरवर्षी फिरतो. रेडिओ खरा कुणी शोधला? आपले जगदीशचंद्र बोस मार्कोनीच्याच काळात कोलकात्यात अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर काम करत होते. भिंतीपलीकडची घंटा त्यांनी लोकांसमोर वाजवून दाखवली होती. पारा आणि लोखंड वापरून लहर पकडायची पद्धत त्यांनी १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. अटलांटिकच्या प्रयोगात मार्कोनीने वापरलेला रिसीव्हर याच पद्धतीचा होता, आणि त्याने बोस यांना त्याचं श्रेय दिलं नाही. हे त्याच्या नावावरचं खरं कर्ज आहे. दुसरीकडे, १९४३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने टेस्लाला रेडिओचा जनक ठरवलं हा मेसेज मात्र अर्धवट आहे. कोर्टाने मार्कोनीच्या ट्यूनिंगच्या एका पेटंटमधले काही दावे रद्द केले, कारण लॉज, टेस्ला आणि स्टोन यांचं काम आधीचं होतं. जनक वगैरे कुणालाच ठरवलं नाही. मला वाटतं मार्कोनीने शोधापेक्षा व्यवस्था उभी केली. यंत्र, माणूस, पगार, दर, वेळापत्रक. १९०९ चं नोबेल त्याला जर्मनीच्या ब्राउनबरोबर वाटून मिळालं.

पहिलं वायरलेस हॅकिंग

हा माझा आवडता किस्सा. ट्यूनिंगमुळे माझे निरोप दुसऱ्या कुणाला मिळणार नाहीत, असा मार्कोनीचा दावा होता. जून १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याचा सल्लागार फ्लेमिंग प्रात्यक्षिक दाखवायला उभा राहिला, मार्कोनी दूर कॉर्नवॉलमध्ये. तेवढ्यात सभागृहातल्या यंत्रावर भलतेच निरोप यायला लागले. आधी एक चिडवणारा शब्द, तो पुन्हा पुन्हा, आणि मग मार्कोनीची टिंगल करणारी कविता. करणारा होता नेव्हिल मॅस्केलीन, धंद्याने जादूगार आणि वायरलेसचा जाणकार. लहर हवेत सोडली की ती सगळ्यांची होते, हे त्याने भर सभेत दाखवून दिलं.

मामाच्या राउटरचा पासवर्ड काय होता माहितीये? डब्याच्या तळाला छापलेला होता तोच, आणि त्याचा फोटो अख्ख्या आळीकडे. राउटरचं नाव लपवून ठेवलं की झालं असं काही जण सांगतात. ती मार्कोनीचीच चूक आहे. लपवलेलं नावही हवेतून दिसतं. खरं संरक्षण सिग्नल कुलूपबंद करण्यात आहे. राउटरच्या पानावर जा. पत्ता डब्याच्या तळाला असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१. तिथे सुरक्षेत डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा आणि लांबलचक पासवर्ड ठेवा. तीन-चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडले तरी चालेल, फक्त आडनाव आणि जन्मसाल नको. आणि हो, त्या पानाचा स्वतःचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदला. हे जवळपास सगळे जण विसरतात.

टायटॅनिक, १९१२. जहाजावरचे दोन्ही वायरलेस ऑपरेटर, फिलिप्स आणि ब्राइड, मार्कोनी कंपनीचेच नोकर. त्या रात्री प्रवाशांच्या खासगी तारांचा ढीग पडला होता. जवळच असलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाच्या ऑपरेटरने बर्फाबद्दल कळवायला सुरुवात केली, तर त्याचा सिग्नल इतका जोरात घुसला की फिलिप्सने त्याला गप्प बसवलं. थोड्या वेळाने तो यंत्र बंद करून झोपला. टायटॅनिकची मदतीची हाक त्याने ऐकलीच नाही. दूरच्या कार्पेथिया जहाजाने ऐकली आणि सातशेच्या आसपास माणसं वाचली. फिलिप्स त्यात नव्हता. या सातशेंमुळे मार्कोनी जगाचा हीरो झाला, आणि त्याच वर्षी त्याच्या कंपनीच्या शेअर्सवरून ब्रिटनमध्ये मोठा घोटाळाही गाजला. हवा एकच, बोलणारे अनेक, ही अडचण तिथे जिवावर बेतली. पुढे जहाजांवर चोवीस तास कान लावून बसण्याचे नियम झाले. आपल्या इमारतींमध्ये दहा राउटर एकाच चॅनलवर ओरडत असतात तेव्हा फक्त व्हिडिओ अडकतो, एवढंच. २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो घ्या. मामाच्या वाडीत मात्र शेजारच्या घरात राउटरच नव्हता, त्यामुळे ही पायरी सोडून दिली.

खडकी आणि दौंड

आता गोष्ट आपल्या जिल्ह्यात येते. पहिली वीस-पंचवीस वर्षं मार्कोनी आणि सगळं जग एकाच दिशेने धावत होतं. लांब जायचंय? मग लहर आणखी लांब करा, वीज आणखी वाढवा, खांब आणखी उंच करा. ब्रिटिश साम्राज्याला जोडायला अशीच राक्षसी केंद्रं बांधायचं चाललं होतं. आणि इथे पन्नाशीच्या मार्कोनीने स्वतःचंच म्हणणं उलटवलं. १९२३-२४ मध्ये एलेत्रा या आपल्या बोटीवर बसून तो आखूड लहरींचे प्रयोग करत राहिला. त्याचा इंजिनीअर चार्ल्स फ्रँकलिन याने तारांचा पडदा आणि त्यामागे परावर्तक पडदा अशी अँटेना बनवली. टॉर्चच्या मागे आरसा असतो ना, तसं. चहूकडे उधळायच्या ऐवजी सिग्नल एकाच दिशेला. थोड्या विजेत, आखूड लहरीवर, वातावरणाच्या वरच्या थराला आपटून निरोप पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पोचायला लागला. जन्मभर ज्यावर पैसा आणि नाव कमावलं ते मोडीत काढायला धाडस लागतं. मार्कोनीबद्दलचा माझा खरा आदर इथून सुरू होतो.

१९२७ मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यात ही बीम वायरलेस सेवा सुरू झाली. पाठवायचं केंद्र खडकीला, घ्यायचं केंद्र दौंडला. दोन्ही वेगळी का? स्वतःच ओरडत असताना दुसऱ्याची कुजबूज ऐकू येत नाही, म्हणून कान लांब नेऊन ठेवला. हे चालवणारी इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनी पुढे १९३२ मध्ये केबलवाल्यांशी जोडली गेली, १९४७ मध्ये सरकारने ताब्यात घेऊन ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस केली, आणि १९८६ मध्ये तिचं विदेश संचार निगम झालं. याच व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. म्हणजे आपल्या नेटच्या वंशावळीत खडकीचे ते खांब आजोबा-पणजोबांच्या जागी येतात. पुण्यात इतकी वर्षं राहूनही मला हे कॉलेजमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

लहर आखूड करायचा नाद त्याला शेवटपर्यंत होता. १९३३ मध्ये त्याने व्हॅटिकन आणि पोपचं उन्हाळी निवासस्थान कास्तेल गांदोल्फो यांच्यामध्ये टेलिफोन जोडला, सुमारे ६० सेंटीमीटरच्या लहरीवर. तार नाही, दोन टोकांना एकमेकांकडे तोंड केलेल्या अँटेना. वेल्ह्याच्या ज्या वाड्यांपर्यंत फायबर नेणं परवडत नाही, तिथे डोंगरावरच्या टॉवरवरून छतावरच्या डिशवर नेट आणतात, ते तंत्र हेच. अट एकच, दोन्ही टोकं एकमेकांना दिसली पाहिजेत. तोरणा सुमारे १,४०० मीटर उंच आहे, तो मध्ये आला की संपलं. म्हणून असं कनेक्शन घ्यायच्या आधी छतावर चढून टॉवर डोळ्यांनी दिसतो का ते बघा. आंब्याचं झाड मध्ये असेल तर पावसाळ्यात, पानं ओली असताना, आणखी त्रास होतो. फायबरला हा प्रश्न नाही, कारण त्यात काचेच्या केसाएवढ्या धाग्यातून प्रकाश धावतो. डब्यावर एलओएस नावाचा दिवा लाल झाला तर प्रकाशच पोचत नाहीये असं समजा. मग राउटर दहा वेळा बंद-चालू करू नका, सरळ तक्रार नोंदवा.

मार्कोनीच्या आयुष्याचा शेवट सांगताना मला अवघडल्यासारखं होतं, पण गाळणार नाही. १९२३ मध्ये तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेला. नुसतं नाव लावून बसला नाही. १९३० मध्ये रॉयल अकादमीचा अध्यक्ष झाला, आणि त्याच्या काळात तिथे ज्यू शास्त्रज्ञांना दार बंदच राहिलं. जहाजावरच्या अनोळखी माणसांचे जीव ज्याच्या यंत्राने वाचवले, तोच हा माणूस. २० जुलै १९३७ ला रोममध्ये हृदयविकाराने तो गेला, वय ६३. त्याच्यासाठी ब्रिटनमधली रेडिओ केंद्रं दोन मिनिटं गप्प झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगदीशचंद्र बोस गेले. त्यांच्या मिलिमीटरच्या लहरी आज फाइव्ह-जीच्या सगळ्यात वेगवान पट्ट्यात वापरतात.

तर मामाचा राउटर. फायबरची तार जोरात दुमडली की आतला काचेचा धागा तुटतो, म्हणून मी ती स्वतः ओढली नाही. बसवणाऱ्याला पुन्हा बोलावलं आणि तार माजघराच्या दारापर्यंत वाढवून घेतली. नवीन कनेक्शन घेताना पहिल्याच दिवशी हे सांगा, तेव्हा ते सहज होतं. राउटर दाराच्या चौकटीवर, डोक्याच्या वर, कपाट आणि आरशापासून लांब. २.४ आणि ५ ला वेगवेगळी नावं दिली. टीव्ही आणि बहिणीचा लॅपटॉप त्याच खोलीत, म्हणून ५ वर, आणि गोठ्याकडच्या मोबाईलसाठी २.४, कारण भिंतींतून तेच त्यातल्या त्यात बरं जातं. वीज गेली की डबा बंद पडतो, म्हणून राउटरला चालणारा छोटा डीसी यूपीएस लावला. घेताना राउटरवर लिहिलेले व्होल्ट आणि प्लग जुळतात का ते बघायचं. प्लॅन होता तोच ठेवला.

मग मामाला मोबाईल देऊन घराच्या मागे पाठवलं, पार गोठ्याच्या पलीकडे, जिथून तो मला दिसत नव्हता. व्हिडिओ चालू झाला की काय करायचं ते ठरवलं होतं. मी उंबऱ्यात उभा. दोन-तीन मिनिटं काहीच नाही, नुसता पाऊस. आणि मग पलीकडून मामाची लांब शिट्टी आली.